फाळक्यापाशी धनाजी

"आधी हे सांग, तू गप्प का बसलास?"

"का म्हणजे? आपला नियमच आहे तसा. ज्याला सुटलं त्यानं गप्प बसायचं!"

"नियम हितला हाय, शौनक! हितं, वरव्यात! पुण्यात स्टेजवर कोण पाळतं असला नियम?"

"तूच पाळलास की! तुलाही सुटलं होतं. माझ्या शेजारी हाताची घडी घालून बसली होतीस, कीर्तनाला बसल्यासारखी."

"मी बसले, कारन तू बसला होतास."

"आणि मी बसलो, कारण तू बसली होतीस. झालं? आणि ज्याला काडीचं कळलं नव्हतं तो उठून गेला फळ्यापाशी! अंतिम फेरीत हे परवडायचं नाही, प्रेरणा. मितालीचं नाव देऊया."

"आनि धनाजी?"

"हळू बोल ना, तो आत आहे."

"मंग असू दे की! ऐकू दे त्याला, तू कसा बोलतोस त्ये."

वरवे बुद्रुकमध्ये, धनाजीच्याच अंगणात उभं राहून ही दोघं धनाजीला संघातून काढायचं की ठेवायचं यावरून भांडत होती. शौनक भोर शहरातला. वडील कचेरीत, आई बँकेत. गणित डोक्यातल्या डोक्यात सोडवायचं आणि चष्मा बोटानं वर ढकलत दुसऱ्याची वाट बघायची, ही त्याची रीत. प्रेरणा राजगडाच्या पायथ्याची, पालीची. एरवी कॉलेजात ती शौनकसारखंच बोलायची, पण डोकं तापलं की तिची भाषा मिळेल ती एसटी पकडून पालीला परत जायची. आणि धनाजी आत आईच्या, म्हणजे ठकुबाईंच्या, हाताखाली आलं ठेचत होता. पत्र्याच्या घरात कान झाकून बसलं तरी अंगणातलं बोलणं ऐकू येतं. तो तर कान झाकणाऱ्यातला नव्हताच.

तिघं भोरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. कॉलेजा-कॉलेजांतल्या गणित स्पर्धेसाठी तिघांचा संघ लागतो, तो यांचा होता. परवा पुण्यात पहिली फेरी झाली आणि संघ कसाबसा, शेपटाला धरून, अंतिम फेरीत चढला. संघातलं एक नाव बदलायची मुभा होती आणि संघ पाठवणाऱ्या गणिताच्या मॅडमना आज दुपारच्या आत कळवायचं होतं. शौनकच्या मनात मिताली होती. वर्गात पहिली येणारी, एकटी अभ्यास करणारी, पेन खाली ठेवायच्या आधी उत्तर सांगणारी.

त्याचंही चुकत नव्हतं. धनाजी हळू होता, बैलगाडीसारखा हळू. वाण्याच्या दुकानात गूळ घ्यायला गेला तरी विचारणार, कालच्यापेक्षा आज काळा का? कंडक्टरनं तिकीट दिलं की विचारणार, हा टप्पा हितंच का तुटतो? मागची माणसं बोंबलतात, कंडक्टर कपाळाला हात लावतो. ठकुबाई म्हणायच्या, "बारशाला बोलता येत न्हवतं म्हणून वाचलो. न्हाईतर पाळन्यातनं विचारलं असतं, ह्येच नाव का म्हणून."

अभ्यास वरव्यात करायचं ठरलं तेही सोयीनं. भोर एका अंगाला, वेल्ह्याची बाजू दुसऱ्या अंगाला, वरवं मधोमध. दर रविवारी सकाळी शौनक भोरहून यायचा आणि प्रेरणा पालीहून खाली उतरायची. नेमकं त्याच वेळी गडावर जाणाऱ्यांच्या गाड्या वर चढत असायच्या आणि तिच्या आईच्या चुलीवर पाहुण्यांसाठी पिठल्याचं पातेलं असायचं. आई करवादायची, "तुझं गनित बरं रईवारीच पिकतं गं!" पण भाकरी बांधून द्यायची. तीही तिघांपुरती.

फळा मात्र कुणाकडेच नव्हता. पहिल्या रविवारी शौनक म्हणाला, "लिहायचं कशावर?" धनाजीनं अंगणात लावलेल्या टेम्पोकडे बोट दाखवलं. टेम्पो त्याच्या वडिलांचा, कुंडलिककाकांचा. तरकारी भरून पुण्याला मार्केट यार्डात जायचा. मागचा फाळका नवा बसवलेला, वर नुसता काळा रंग मारलेला. नाव आणि मोराची जोडी काढणारा पेंटर आगाऊ चहा पिऊन गेला तो परत फिरकलाच नव्हता. काळा, गुळगुळीत, छातीएवढ्या उंचीचा फाळका. खडू त्याच्यावर असा चालला, की शौनकनं कॉलेजच्या फळ्याला त्याच दिवशी नावं ठेवली.

कधी कधी गणित अर्धंच राहायचं आणि टेम्पो निघायची वेळ व्हायची. मग ते अर्धं गणित कोथिंबिरीच्या जुड्यांबरोबर पुण्याला जायचं. मार्केट यार्डातल्या हमालांनी एकदा विचारलं, "कुंडलिकराव, ह्ये काय लिवलंय? करनी केली का काय कुनी?" काका म्हणाले, "पोरांचं हाय. हात लावू नगा, पुसलं जाईल." त्या दिवशी वाटेत पाऊस लागला. काकांनी टेम्पो कडेला घेतला आणि मालावरची ताडपत्री ओढून फाळक्यावर बांधली. तरकारी भिजली, गणित कोरडं घरी आलं. ते गणित मुळात चुकलेलं होतं, हे त्यांना सांगायचा धीर तिघांपैकी कुणालाच झाला नाही. प्रेरणानं वाकून नमस्कार तेवढा केला. काका गोंधळून म्हणाले, "पास झालीस व्हय गं?"

आणि नियम. तो धनाजीमुळे पडला. सुरुवातीला शौनक गणित सोडवायचा, भराभरा सांगायचा, ही दोघं माना डोलवायची. तिसऱ्या रविवारी धनाजी म्हणाला, "तू सांगतोस तवा मला समदं कळतं, आनि घरात गेलो की काईच कळत न्हाई. तर तू गप बस. ज्याला सुटलं त्यानं गप बसायचं. ज्याला न्हाई सुटलं त्यानं खडू घेऊन फाळक्यापाशी उभं ऱ्हायाचं आनि विचारायचं. जेवडं विचारंल तेवडंच बाकीच्यांनी सांगायचं. पटंल तेवडंच लिवायचं."

तेव्हापासून फाळक्यापाशी बहुतेक वेळा धनाजीच उभा असायचा. शौनक पहिले दोन आठवडे तडफडला. नंतर त्याच्या लक्षात आलं, की धनाजी "ह्ये कुठनं आलं?" म्हणतो तिथं दर वेळी आपल्याकडेही उत्तर नसतं. आपण नुसते वेगात पुढे गेलेलो असतो.

राम-रामाच्या गणिताला तर तिघंही अडली होती. पुस्तकात ते हस्तांदोलनाचं होतं, धनाजीनं त्याचं राम राम केलं. लग्नाच्या मांडवात पन्नास माणसं. कुणी कुणाशी राम राम घातला, कुणी नाही. सिद्ध करायचं असं, की निदान दोघांच्या राम-रामांची संख्या सारखी निघणारच. शौनक अडला, प्रेरणा नखं खात बसली. धनाजी फाळक्यापाशी उभा राहून मांडवच बघत होता जणू. मग म्हणाला, "न्हाई पर, ज्यानं समद्यांशी राम राम घातला आनि ज्यानं कुनाशीच न्हाई घातला, ही दोगं एका मांडवात बसली कशी?"

शौनक खाटेवरून उडालाच. सगळं गणित तिथंच तर होतं! पन्नास जणांचे आकडे वेगवेगळे हवेत तर शून्यापासून एकोणपन्नासपर्यंत सगळे वापरावे लागणार. म्हणजे शून्यवाला हवा आणि एकोणपन्नासवालाही हवा, आणि ती दोघं एकत्र असूच शकत नाहीत. सुटलं! प्रेरणा टाळ्या वाजवायला लागली. धनाजी खडू धरून तसाच. "आरं नाचताय काय? आधी माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या की!"

हा असा धनाजी परवा पुण्यात स्टेजवर उठला. दुपारच्या सत्रात प्रत्येक संघानं एक गणित फळ्यावर सोडवून दाखवायचं होतं. गणित आलं. शौनकला सुटलं, प्रेरणाला सुटलं. दोघांनी सवयीनं हाताची घडी घातली. धनाजीला सुटलं नव्हतं, म्हणून तो सवयीनं उठला, खडू घेतला, संघाकडे तोंड केलं आणि माईकवरून विचारलं, "ह्यातलं पयलं वाक्य कुठनं आलं?"

सभागृह खदखदून हसलं. परीक्षक म्हणाले, "अहो, प्रश्न आम्ही विचारलाय. तुम्ही उत्तर द्यायचं." धनाजी म्हणाला, "व्हय सर, तिकडंच चाललोय." आणि त्यानं पुढचा प्रश्न विचारला. प्रेरणानं त्याचं तेवढंच उत्तर दिलं, जेवढं विचारलं होतं तेवढंच! तिघं भानावर आली तेव्हा घंटा वाजली होती. सकाळच्या लेखी परीक्षेनं तारलं म्हणून, नाहीतर तिथंच गाशा गुंडाळला असता.

"सगळं सभागृह हसत होतं," शौनक आता अंगणात येरझारा घालत म्हणाला. "आणि तुला त्याचं काहीच नाही?"

"हसले तर हसले! पैल्यांदा हसले का त्याला? पैल्या वर्षी तू कुठं होतास?"

"त्याच वर्गात होतो."

"पुढच्या बाकावर. मी मागं होते. सर इंग्रजीत ती सीमेची व्याख्या सांगत होते. एप्सिलॉन घ्या, डेल्टा मिळतो. मी वेल्ह्यात मराठीत शिकून आलेले, मला वाटलं डेल्टा म्हंजे नदीचं मुख. हसू नकोस! समदे माना हलवत होते. मला वाटलं, ह्या खोलीत मीच एक दगड. ठरवलं होतं, मधल्या सुट्टीत ऑफिसात जायचं, गणित सोडायचं, आर्ट्सला जायचं. आईला फोन करून रडूनसुदिक झालं होतं. तेवढ्यात मागनं आवाज आला, 'सर, न्हाई कळलं.' सर म्हणाले, कुठपासून? हा म्हणतो, 'पयल्यापासनं.'"

शौनक थांबला. त्यालाही ते आठवलं असावं, कारण तेव्हा तोही हसला होता.

"सगळे हसले. हा उभाच. सरांनी पुन्हा सांगितलं. हा म्हणतो, न्हाई कळलं. पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मला कळलं, शौनक. मला! त्याला नाहीच कळलं, त्याला आठवड्यानं कळलं. मी ऑफिसात गेले नाही. आज मी जी काही इथं उभी आहे ना, ती तो उभा राहिला म्हणून. आणि मी त्याचं नाव खोडू?"

शौनकनं चष्मा वर ढकलला. "हे सगळं खरं आहे. मला तो आवडत नाही असं थोडंच आहे? पण उपकार आणि संघ वेगळे, प्रेरणा. स्पर्धा आहे ती."

तेवढ्यात धनाजी बाहेर आला. एका हातात चहाचे कप, दुसऱ्या हातात त्याच्या आईनं कोंबलेला बटरचा पुडा. त्यानं कप खाटेवर ठेवले. चेहरा नेहमीसारखाच, रुसलेला नाही, पडलेला नाही.

"म्या ऐकलं," तो म्हणाला.

शौनकचं बोट चष्म्यावरच राहिलं. मागून दारात आलेल्या ठकुबाईसुद्धा पदराला हात पुसत थबकल्या.

"शौनक, तुला सुटलंय. मितालीला घ्यायचं. बरोबर? मला न्हाई सुटलं." त्यानं खिशातून खडू काढला आणि फाळक्यापाशी जाऊन उभा राहिला. "म्या विचारतो. म्या विचारंन तेवडंच तू सांग."

"धनाजी, अरे हे गणित नाही..."

"मंग काय हाय? आपलं समदं हितंच ठरतंय की. अंतिम फेरीत काय काय असतंय?"

शौनकनं प्रेरणाकडे पाहिलं. तिनं मान फिरवली. "सकाळी लेखी," तो म्हणाला, "तिघांचे गुण मिळून. दुपारी फळ्यावर, तिघांनी मिळून एक गणित."

"लेखीत मिताली भारी का मी?"

"...मिताली."

"लई?"

"बरीच."

धनाजीनं फाळक्यावर लिहिलं, 'लेखी: मिताली'. खाली रेघ मारली. "पटलं," तो म्हणाला. इतक्या सरळ म्हणाला, की प्रेरणानं चहाचा कप खाली ठेवला.

"आता दुपारचं. परवा काय चुकलं?"

"तू उठलास."

"का उठलो?"

"सवयीनं."

"आनि तुमी का बसला?"

शौनक चष्म्याशी चाळा करत राहिला. "सवयीनं."

"मंग मोडायची कुनाची? माझी उठायची का तुमची बसायची?"

"शौनकदादा, चहा गार व्हतोय," ठकुबाई दारातून म्हणाल्या. "गरम उत्तर न्हाई तर निदान गरम चहा तरी घ्या."

प्रेरणा फस्सकन हसली. शौनकलाही हसू आलं, पण त्यानं ते आवरलं. "तिघांचीही मोडायची. मान्य. पण मितालीला ही सवयच नाही. तिला सुटलं की ती लगेच उठते, बोलते."

"चांगलं हाय," धनाजीनं लिहिलं, 'सुटलं तर: मिताली'. "आनि न्हाई सुटलं तर?"

"म्हणजे?"

"अवघड असतंय ना अंतिम फेरीचं? तिला न्हाई सुटलं, तुला न्हाई, प्रेरणाला न्हाई. तवा मिताली काय करती?"

शौनक लायब्ररीत मितालीशेजारी बसायचा. त्याला आठवायला वेळ लागला नाही. "पान उलटते. गप्प बसते."

"तू?"

"मीही गप्प बसतो. मनातल्या मनात करत राहतो."

"आनि ही?"

"नखं खाते," शौनक आणि प्रेरणा एकदम म्हणाले.

धनाजीनं लिहायला खडू टेकवला आणि तसाच धरून ठेवला. त्याच्या कपाळाला तीच आठी पडली होती, खरोखर न कळल्याची. कुणाला कोंडीत पकडायचं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

"तिगं गप," तो म्हणाला. "मंग फळ्यावर काय व्हतं?"

बाहेरच्या रस्त्यानं वेल्ह्याकडे जाणारी गाड्यांची रांग हॉर्न देत गेली. शौनक फाळक्याकडे बघत राहिला. राम-रामाच्या दिवशी आपण खाटेवरून उडालो होतो, त्याच्या क्षणभर आधी तिघांपैकी धनाजीनंच तोंड उघडलं होतं, हे त्याला दिसत असावं. त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला.

"काही होत नाही," तो म्हणाला. "घंटा होते."

"मंग ह्ये लिवू का?"

"लिही."

धनाजीनं इमानानं लिहिलं, 'नाही सुटलं तर: घंटा'. मग एक पाऊल मागं सरून तिन्ही ओळी वाचल्या. "पर लेखीची ओळ तशीच ऱ्हाती, शौनक. ती पुसता येत न्हाई. ती खरी हाय."

"खरी आहे," शौनक म्हणाला. त्यानं फोन काढला आणि मॅडमना लावला. सगळ्यांसमोर, तिथंच. "मॅडम, शौनक बोलतोय. नावं तीच... हो, तिघांचीही. बदल नाही... हो मॅडम, विचार करूनच. चांगलाच करून घेतला आमच्याकडून."

"आरं पर लेखीचं काय?" धनाजी खडू हलवत पुढे आला. "त्ये सुटलंच न्हाई अजून!"

"मला सुटलं," शौनक म्हणाला. "म्हणून मी गप्प बसतो." आणि तो खरंच खाटेवर बसला आणि गार झालेला चहा एका घोटात प्यायला. मग धनाजीकडे न बघता म्हणाला, "लेखीचं मी आणि प्रेरणा बघू. तू आम्हाला उरलेले रविवार सोडू नकोस. आणि पुण्यात मात्र ज्याला सुटलं तो उठणार. त्याची तालीम आजपासून. मीच पहिला." एवढं बोलून त्यानं मान वर केली. "आणि परवा मी गप्प बसलो, ते खापर तुझ्यावर फोडलं. ते चुकलं माझं."

"बटर घे," धनाजी म्हणाला.

ठकुबाई आत गेल्या. चूल सारखी करता करता त्या कुणाशी तरी, बहुधा देवाशी, पुटपुटत होत्या. प्रेरणा धनाजीजवळ गेली. गेली तीन वर्षं हा मुलगा तिच्यासाठी, तिच्या जागी, हसं करून घेत उभा राहिला होता आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. मघाशी आतून त्यानं ते ऐकलंही असेल, पण ऐकल्याची एक खूण चेहऱ्यावर नव्हती. तिला त्याच्या पाठीवर थाप मारावीशी वाटली, आईनं बांधून दिलेल्या सगळ्या भाकऱ्या त्याला द्याव्याशा वाटल्या. आणि एक गोष्ट तिला खरंच कळली नव्हती. इतक्या वेळात त्यानं मितालीचं विचारलं, शौनकचं विचारलं, नखांचंसुद्धा विचारलं. स्वतःच्या बाजूनं एक शब्द टाकला नव्हता.

"धनाजी," ती म्हणाली, "आता मला न्हाई कळलं. मी विचारते. तुला जायचं होतं का? अंतिम फेरीला? मनापासनं?"

धनाजीनं तिच्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले. खडूची पूड लागलेले हात त्यानं पँटीला पुसले, ती पांढरी झाली, ती झटकत बसला.

"सांग ना. एवढंच विचारते."

त्यानं खडू तिच्या हातात दिला, खाली मान घालून, ओठांतलं हसू लपवत, चपला पायात सरकवल्या आणि फाटकाची कडी काढून रस्त्याला लागला.